गिअर आधी, वळण नंतर

डेन्व्हरच्या पश्चिमेला रॉकी पर्वताची चढण सुरू होते तिथे आमचं घर आहे. दारात सुबारू डब्ल्यूआरएक्सच्या दोन गाड्या उभ्या असतात. एक माझी, सहा गिअरची मॅन्युअल. दुसरी बायकोची, सीव्हीटी. दोन्ही २०१५च्या मॉडेलपासून २०२१च्या मॉडेलपर्यंत चाललेल्या पिढीतल्या. दोघींत तेच २ लिटरचं टर्बो इंजिन, २६८ अश्वशक्तीचं, आणि ताकद चारही चाकांना. फरक मुख्यतः गिअरबॉक्सचा. अशी जोडी एकाच घरात क्वचित असते, त्यामुळे गाडी घ्यायला निघालेले मित्र आणि पुण्याहून येणारे पाहुणे दोन्हींच्या किल्ल्या मागतात आणि परत आले की एकच प्रश्न विचारतात: घ्यायची कुठली? त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हे सगळं लिहून काढलं.

१. हिशेबाने सीव्हीटीच पुढे असायला हवी

इथून सुरुवात केली नाही तर सीव्हीटीवर अन्याय होतो. गाडी कुठल्याही वेगाला असो, ती सर्वांत जोरात पुढे झेपावते ती इंजिन कमाल शक्तीच्या आरपीएमवर फिरत असताना. आमच्या इंजिनाची कमाल शक्ती ५,६०० आरपीएमला मिळते. मॅन्युअलमध्ये मी त्या आकड्याच्या पुढे जातो, गिअर बदलतो, आरपीएम धपकन खाली येतो, पुन्हा चढतो. म्हणजे मोक्याच्या आकड्यावर इंजिन क्षणभरच असतं. सीव्हीटीत गिअरच नाहीत. इंजिन आणि चाकांच्या फिरण्याचं प्रमाण सलग बदलत राहतं, त्यामुळे इंजिन ५,६००वर रोवून ठेवायचं आणि वेग वाढेल तसं प्रमाण सरकवत न्यायचं, हे तिला तत्त्वतः जमतं.

हे फक्त कागदावरचं नाही. १९९३च्या उन्हाळ्यात विल्यम्स संघाने आपल्या एफडब्ल्यू१५सी या फॉर्म्युला वन गाडीत सीव्हीटी बसवली आणि वेल्समधल्या पेम्ब्रे ट्रॅकवर डेव्हिड कुल्टहार्डने ती चालवून पाहिली. त्या चाचणीचं चित्रीकरण आजही बघायला मिळतं. रेनॉचं व्ही१० इंजिन एकाच पट्टीत किंचाळतंय आणि गाडीचा वेग मात्र वाढतोय, कमी होतोय. ऐकताना अंगावर काटा येतो. ती गाडी शर्यतीत उतरलीच नाही. १९९४च्या नियमांनी गिअरची संख्या ठरावीक असलीच पाहिजे, चार ते सात, असं सांगितलं आणि सीव्हीटी बाहेर गेली. सीव्हीटी म्हणजे म्हाताऱ्यांची गाडी, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ही हकिकत सांगतो.

२. सीव्हीटीचा स्वभाव आपल्याला लहानपणापासून माहीत आहे

आमच्या घरी बाबांची चेतक होती. डाव्या मुठीत क्लच, तीच मूठ फिरवून गिअर. आईला ती झेपायची नाही. मग किनेटिक होंडा आली. १९८४पासून देशात मिळू लागलेली ही स्कूटर बटणाने सुरू व्हायची आणि तिला गिअर नव्हते. पुण्यातल्या कितीतरी बायका आणि कॉलेजच्या मुली त्या एका गाडीमुळे स्वतःच्या स्वतः फिरायला लागल्या, आणि हे मी आदराने लिहितो आहे. बिनगिअरची गाडी म्हणून जिला आपण ओळखत आलो ती म्हणजे सीव्हीटीच. आजची ॲक्टिव्हाही तीच. सिग्नलवरून निघताना तिचा आवाज एका पट्टीत राहतो आणि वेग वाढत जातो, तो तिचा मूळ स्वभाव.

आत रबरी पट्टा, दोन पुल्या, आणि पुढच्या पुलीत वजनाचे रोलर. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेर फेकले जातात, पुली मिटते, प्रमाण बदलतं. स्कूटरची दुरुस्ती करणाऱ्या माणसाला विचारा, रोलरचं वजन हलकं-जड केलं की पिकअप कसा बदलतो हे तो बोटांवर सांगेल.

इथे कोलोरॅडोत हेच तत्त्व बर्फावरच्या स्नोमोबाइलमध्ये दिसतं. ग्रँड लेकच्या बाजूला थंडीत ती यंत्रं भाड्याने मिळतात. त्यातल्या ताकदवान टू-स्ट्रोक यंत्राचा अंगठ्याचा खटका पूर्ण दाबला की इंजिन आठ हजारांच्या आसपास जाऊन तिथेच थांबतं आणि यंत्र बंदुकीतून सुटल्यासारखं जातं. उंचीवर हवा विरळ, इंजिनाची ताकद कमी, म्हणून इथले जाणकार पुलीतली वजनं हलकी करून घेतात, म्हणजे इंजिन पुन्हा आपल्या आवडत्या आरपीएमला पोचतं. कामगिरीसाठी सीव्हीटी बारकाईने जुळवणारी माणसं मी पहिल्यांदा या लोकांतच पाहिली. त्यांना कुणी सांगून बघावं की सीव्हीटी मिळमिळीत असते.

३. उशीर दोन्हीकडे असतो, तो आधी मोजायचा की नंतर एवढाच प्रश्न

हा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा धडा आहे, म्हणून जरा सविस्तर.

लव्हलँड पास ही ११,९९० फुटांवरची खिंड. खालून बोगदा झाल्यापासून बहुतेक रहदारी तिकडून जाते, पण ज्वालाग्राही माल नेणाऱ्या टँकरना बोगद्यात सहसा प्रवेश नाही, त्यामुळे ते अजून खिंडीतून येतात. म्हणजे वळणापलीकडून टँकर येणार हे धरूनच चालवायचं. कडेला कठडा बऱ्याच ठिकाणी नाही. रस्ता वळत वळत चढतो आणि मध्ये एक असं वळण येतं की गाडीचं तोंड आलो त्या दिशेला परत फिरतं.

मॅन्युअल घेऊन मी तिसऱ्या गिअरवर तिथे पोचतो. ब्रेक. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर ठाम, दाब कमी-जास्त होऊ द्यायचा नाही. डाव्या पायाने क्लच खाली. दांडा तिसऱ्यातून डावीकडे मागे ओढून दुसऱ्यात. त्याच वेळी उजव्या पायाची बाहेरची कड कलती करून ॲक्सिलरेटरला एक टिचकी, इंजिन तीन हजारांवरून साडेचार हजारांवर उडी घेतं, आणि तेवढ्यात क्लच सोडायचा. नीट जमलं तर गाडीत बसलेल्याला काहीच कळत नाही, ना झटका ना मान हलणं. हे सगळं स्टिअरिंग वळवायच्या आधी संपलेलं असतं. वळणाच्या पोटात इंजिन टर्बोला तयार ठेवून बसलेलं असतं, आणि रस्ता सरळ दिसू लागला की ॲक्सिलरेटर दाबताक्षणी गाडी निघते.

त्याच वळणावर सीव्हीटी साध्या मोडमध्ये काय करते? मी ॲक्सिलरेटर सोडला की तिला वाटतं आता घाई नाही, पेट्रोल वाचवू, आणि ती इंजिनाचा आरपीएम खाली आणते. वळण संपतं, मी दाबतो. आता तिला तीन कामं एकदम करायची असतात. तेलाचा दाब वाढवून पुल्या सरकवायच्या, इंजिनाला खालून वर फिरवायचं, आणि टर्बोत हवा भरायची. इंजिन स्वतःला फिरवण्यात जी ताकद खातं ती त्या क्षणी चाकांना मिळत नाही. आवाज आधी येतो, गाडी मागून येते. गाड्यांवर लिहिणारे याला रबर बँड इफेक्ट म्हणतात आणि सीव्हीटीला नावं ठेवतात. पण नीट पाहिलं तर मॅन्युअलमध्येही तेवढंच काम करावं लागतं. इंजिन खालून वर फिरवावं लागतंच. मी ते काम वळणाआधी, ब्रेक लावत असताना उरकून घेतलेलं असतं. गाडी तशीही हळू होत होती, त्यामुळे त्याची किंमत शून्य.

घाटात गाडी चालवणारा समोर बघून चालवतो. सीव्हीटी त्याच्या उजव्या पायाकडे बघून चालते. पुढे वळण आहे, चढ आहे, समोरच्या ट्रकला ओलांडायची जागा दोनशे मीटरवर येणार आहे, हे माणसाला दिसतं, गिअरच्या पेटीला दिसत नाही. मॅन्युअलचा सगळा मोठेपणा मला इथे वाटतो. दांडा हाताला कसा लागतो, क्लच किती घट्ट आहे, या गोष्टी छान आहेत, मला त्या आवडतात, पण त्या दुय्यम. गिअर टाकणं म्हणजे पुढच्या पाच सेकंदांबद्दल घेतलेला निर्णय, आणि तो मी घेतलेला असतो.

२०२२च्या नव्या डब्ल्यूआरएक्समध्ये सुबारूने या दुखण्यावर इलाज केला. इंजिन २.४ लिटरचं, २७१ अश्वशक्तीचं झालं आणि सीव्हीटीला सुबारू परफॉर्मन्स ट्रान्समिशन असं नाव मिळालं. जोरात ब्रेक लावला की ती स्वतःहून आरपीएम वर घेते आणि वळणात तो टिकवून धरते. योग्य दिशेने टाकलेलं पाऊल आहे. तरी तीही ब्रेक लागल्यावरच जागी होते. वळण मला आधीच दिसलेलं असतं.

४. दोन पुल्यांमध्ये ताकद पकडून ठेवायला ताकद लागते

सुबारूची सीव्हीटी रबरी पट्ट्याची नाही. २००९मध्ये लेगसी गाडीतून आलेल्या या पेटीत, तिचं नाव लिनिअरट्रॉनिक, पोलादी साखळी आहे. साखळीच्या खिळ्यांची टोकं पुलीच्या उतरत्या गालांवर दाबून बसतात आणि सगळी ओढ त्या घर्षणातून जाते. मधे तेलाचा बारीक थर. ३५० न्यूटन-मीटरचा जोर घसरू न देता पलीकडे पोचवायचा तर गालांवर प्रचंड दाब हवा, तो दाब पंप देतो, आणि पंप इंजिनच फिरवतं. दात्यात दाता अडकलेल्या साध्या गिअरला असं काही करावं लागत नाही.

परिणाम आकड्यांत दिसतो. सीव्हीटीची गाडी मॅन्युअलपेक्षा सुमारे ७० किलोंनी जड. शून्य ते साठ मैलांच्या शर्यतीत अर्ध्या सेकंदाच्या आसपास मागे. आणि लोकांना ज्याचं सर्वांत आश्चर्य वाटतं ते म्हणजे ॲव्हरेज. अमेरिकी सरकारच्या चाचणीत २०१५च्या मॅन्युअल गाडीला गॅलनमागे एकत्रित २४ मैल मिळाले, सीव्हीटीला २१. आपल्या हिशेबात लिटरला साधारण १० किलोमीटर आणि ९ किलोमीटर. छोट्या, साध्या गाड्यांत सीव्हीटी पेट्रोल वाचवते हे खरंच आहे, पण तोच नियम ताकदवान गाडीला डोळे मिटून लावू नये.

मग उष्णता. डेन्व्हरच्या पूर्वेला डिअर ट्रेल गावाजवळ हाय प्लेन्स रेसवे नावाचा अडीच मैलांचा ट्रॅक आहे. तिथे आपली रोजची गाडी नेऊन चालवता येते. एका मित्राने त्याची सीव्हीटी गाडी आणली होती, कंपनी कुठली ते इथे महत्त्वाचं नाही. उन्हाळ्याची दुपार होती. काही फेऱ्यांनंतर पेटीच्या तेलाचा दिवा लागला आणि संगणकाने इंजिनाची ताकद कमी केली. पेटी जळू नये म्हणून केलेली ती सोय, आणि ती बरोबरच चालली. पण त्याला बाहेर येऊन गाडी थंड होईपर्यंत थांबावं लागलं. ट्रॅकवर नियमित जायचं असेल तर मॅन्युअल घ्या किंवा तेल थंड करणारा वेगळा कूलर बसवून घ्या. याबद्दल मला शंका नाही.

५. खोट्या पायऱ्या सरळ रस्त्यावर व्यर्थ, वळणात कामाच्या

गिऱ्हाइकाला एका पट्टीतला आवाज आवडत नाही म्हणून कंपन्या सीव्हीटीत कृत्रिम पायऱ्या घालतात. आमच्या गाडीत एका मोडमध्ये सहा, सर्वांत तिखट मोडमध्ये आठ. आपल्याकडच्या होंडा सिटीच्या सीव्हीटीतही अशा पायऱ्या आहेत. सरळ रस्त्यावर जोरात निघताना या पायऱ्या म्हणजे सीव्हीटीचा जो एकमेव मोठा गुण, तो हाताने पुसून टाकणं. इंजिन एका जागी ठेवता येत असताना त्याला मुद्दाम चढ-उतार करायला लावायचं, तेही कानाला बरं वाटावं म्हणून. हे मला मनापासून पटत नाही.

वळणात मात्र गोष्ट उलटी होते. स्टिअरिंगमागच्या पाकळीने पायरी निवडली की प्रमाण तिथे अडकून राहतं. ॲक्सिलरेटर सोडला तरी पेटी आरपीएम पळवून नेत नाही. म्हणजे तिसऱ्या धड्यात सांगितलेला निर्णय, वळणाआधीचा, सीव्हीटीतही घेता येतो. हे कळल्यापासून बायकोची गाडी घाटात नेताना मी पाकळ्यांवरच असतो.

६. उतारावर पेटीने ब्रेकला सुट्टी दिली पाहिजे

पाइक्स पीकचा रस्ता १४,११५ फुटांच्या शिखरापर्यंत जातो. दरवर्षीची चढाईची शर्यत याच रस्त्यावर, १५६ वळणांची. शर्यत फक्त चढण्याची असली तरी आपल्यासारख्यांना खाली उतरायचंही असतं. उतरताना ग्लेन कोव्ह या ठिकाणी रेंजर प्रत्येक गाडी थांबवतात आणि चाकाकडे तापमापक रोखून ब्रेक किती तापलेत ते बघतात. जास्त तापलेले असतील तर बाजूला घेऊन थांबवतात. आमच्या पुढे थांबवलेल्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक असतात, आणि दोष पेटीचा नसतो. चालवणाऱ्याने दांडा डी वर ठेवून ब्रेकवर पाय दिलेला असतो.

मॅन्युअलवाल्याला हे सांगावं लागत नाही. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे खंबाटकी आणि ताम्हिणीत गाडी शिकलेल्याच्या अंगात असतं. सीव्हीटीतही इंजिन ब्रेकिंग उत्तम मिळतं, पाकळीने खालची पायरी घ्या आणि इंजिनाला धरू द्या. दोन्ही गाड्या मी तिथून उतरवल्या आहेत आणि रेंजरने दोन्हींना हात दाखवून पुढे सोडलं आहे.

७. बर्फात सीव्हीटी हळुवार आहे, आणि टायर दोघींपेक्षा मोठा

गोठलेल्या रस्त्यावर गिअर बदलताना ताकद क्षणभर तुटते आणि पुन्हा येते. तो धक्का चाक सटकायला पुरतो. सीव्हीटीत ताकद सलग वाहते, शिवाय तिची मधली डिफरन्शियल इलेक्ट्रॉनिक, मागच्या चाकांना थोडी जास्त ताकद देणारी, ४५:५५. मॅन्युअलमध्ये ५०:५०, व्हिस्कस कपलिंगची. जानेवारीच्या पहाटे दवाखान्यात जायचं असेल तर मी बायकोची किल्ली उचलतो. बर्फाचे टायर नसतील तर ही सगळी चर्चा फोल आहे.

८. उंचीवर टर्बो जागा होईपर्यंत कोण सांभाळतं

समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी घटते. अकरा हजार फुटांवर साध्या इंजिनाची तिसरा हिस्सा ताकद गेलेली असते. टर्बो ही तूट बरीच भरून काढतो, पण तो फिरू लागल्यावर. थांबलेल्या गाडीत दोन लिटरचं इंजिन विरळ हवेवर एकटं असतं. चढावर थांबून निघताना मॅन्युअलला रेस देऊन हाफ क्लचवर उचलावी लागते, आणि घाई केली तर क्लचचा वास नाकात येतो. सुबारूच्या सीव्हीटीत इंजिन आणि पेटीमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे. तो सुरुवातीचा जोर वाढवून देतो आणि इंजिनाला लगेच फिरू देतो. पहिल्या वीस-तीस फुटांत बायकोची गाडी माझ्यापेक्षा शहाणी वागते. मॅन्युअलच्या प्रेमापोटी हे मी नाकारणार नाही.

९. डावा पाय ही चैन आहे

सीव्हीटी आमच्या घरी आली ती बायकोच्या डाव्या गुडघ्यामुळे. शस्त्रक्रियेनंतर क्लच दाबणं तिला अवघड झालं. त्याआधी ती माझ्यापेक्षा सफाईने मॅन्युअल चालवायची. रविवारी संध्याकाळी स्कीइंगहून परतणाऱ्या गाड्यांनी आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापासून खाली तुंबलेला असतो. दहा फूट पुढे, थांब. दहा फूट पुढे, थांब. धड गुडघ्याच्या माणसालाही तिथे क्लच नकोसा होतो. पुण्यात संध्याकाळी चांदणी चौकातून जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

तिच्याकडून मी सीव्हीटी चालवायला शिकलो. ती पाय झटक्यात खाली नेत नाही. वळणाचं तोंड उघडण्याच्या जरा आधीच ॲक्सिलरेटर हलकेच दाबायला घेते आणि मग न थांबता वाढवत नेते, म्हणजे पेटीला पुल्या सरकवायला लागणारा वेळ वळणातच मिळतो. ओव्हरटेक करायचा असेल तर समोरची लेन मोकळी व्हायच्या आधी मोड बदलून ठेवते. मॅन्युअलच्या वर्षांत लागलेली पुढे बघायची सवय तिने बिनगिअरच्या गाडीत आणली. म्हणूनच आमच्या मुलीलाही आम्ही आधी मॅन्युअल शिकवली. पुढे तिने कुठलीही गाडी घ्यावी.

१०. ई-सीव्हीटी ही वेगळी वस्तू आहे

भारतातून फोनवर हा गोंधळ नेहमी ऐकतो. इनोव्हा हायक्रॉससारख्या हायब्रिड गाड्यांत ई-सीव्हीटी असं लिहिलेलं असतं. तिच्यात सरकणाऱ्या पुल्या नाहीत, पट्टा नाही. दोन विजेच्या मोटर आणि ग्रहमालिकेसारखा एक गिअरसंच मिळून ते काम करतात. वर लिहिलेल्या पट्ट्याच्या, दाबाच्या, उष्णतेच्या तक्रारी तिला लागू नाहीत. तिचा विचार वेगळा करावा.

११. घेताना

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्याच्या समोर डब्ल्यूआरएक्स नाही, पण निवड तीच आहे. होंडा सिटी १.५ लिटरमध्ये सहा गिअरची मॅन्युअल आणि सीव्हीटी दोन्ही मिळतात. निसान मॅग्नाइटच्या टर्बोमध्येही. मॅग्नाइटच्या माहितीपत्रकात टॉर्कचा आकडा वाचा: मॅन्युअलला १६० न्यूटन-मीटर, सीव्हीटीला १५२. इंजिन तेच. पेटीनुसार आकडा बदलतो, आणि गिऱ्हाइकाने तो मॉडेलनुसार वाचायला हवा.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवतीच्या सपाट रस्त्यावर घेऊन काही समजत नाही. जमलं तर जवळच्या घाटापर्यंत न्या, वळणावरून बाहेर पडताना आणि चढावरच्या ओव्हरटेकला गाडी काय करते ते बघा. पाकळ्या असतील तर वापरून बघा. सीव्हीटी घेतलीत तर तिच्यासाठी सांगितलेलंच तेल घाला आणि घाटात, गर्दीत, उन्हात चालवत असाल तर ते तेल वेळेआधी बदला. तेल बिघडलं की साखळी किंवा पट्टा घसरू लागतो, आणि ही पेटी सहसा खोलून दुरुस्त होत नाही, आख्खी बदलावी लागते. मॅन्युअलचा क्लच झिजतो, पण तो झिजण्यासाठीच बसवलेला असतो.

बाकी जग काय करतंय तेही ध्यानात घ्या. टोयोटाने जीआर कोरोलाला ऑटोमॅटिक द्यायची ठरवली तेव्हा सीव्हीटी घेतली नाही, आठ गिअरची पेटी घेतली. सुबारूने स्वतःच्या बीआरझेडला सीव्हीटी दिलेली नाही. जपानमध्ये डब्ल्यूआरएक्स एस४ फक्त सीव्हीटीत आली. अमेरिकेत मात्र डब्ल्यूआरएक्सची बहुतेक गिऱ्हाइकं मॅन्युअल मागतात, आणि म्हणूनच २०२४ची टीआर आणि २०२५ची टीएस या दोन खास आवृत्त्या इथे केवळ मॅन्युअलमध्ये निघाल्या.

माझा निकाल असा. रोजची गर्दी, बर्फ, दुखरा पाय, यांपैकी काहीही तुमच्या वाट्याला असेल तर सीव्हीटी निःशंक घ्या, तिची पद्धत शिकून घ्या, ती फसवणार नाही. घाट हाच तुमचा आनंद असेल तर मॅन्युअल घ्या. आणि घेताना विक्रेत्याने ऑटोमॅटिकच स्टॉकमध्ये आहे असं सांगितलं, तर थांबा, मॅन्युअलचं बुकिंग करा. मागणी नोंदली गेली तरच पुढच्या वर्षी ती मिळेल.